गाडी सरळ का जाईना

आमचे हे चष्म्याच्या दुकानात कारागीर. मुंगीएवढा स्क्रू फ्रेममध्ये बसवायचा, तोही गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. हाताचा भारी गर्व या माणसाला. जन्मात कधी पत्ते नाहीत, विडी नाही, आणि पन्नाशी उलटल्यावर नाद लागला तो रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीचा. "एकच शर्यत पुरी करायची गं, मग गाडी देऊन टाकीन," म्हणाले. मी म्हटलं, करा बापडे.

गाडी तशी परवडणारी निघाली. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बॅटरी वेगळी, तिचा चार्जर वेगळा, मैदानावर चालतील असे टायर वेगळे, क्लबची वर्गणी आणखी वेगळी. माझा तोंडाचा पट्टा सुरूच असायचा. "अहो, एवढ्यात जुनी स्कूटर आली असती. तिच्यावर मला बसता तरी आलं असतं." हे नुसते हसायचे.

एवढं करून गाडी काही सरळ धावेना. सरळ पट्ट्यात आली की डुलायची, कडेच्या पाइपाला धडकून उलटी व्हायची. क्लबातला एक दाढीवाला सगळ्यांच्या गाड्या दुरुस्त करायचा. तो म्हणाला, चाकं वळवणारी मोटर हलकी आहे. बदलली. मग म्हणे टायर. तेही बदलले. शेवटी रिमोट. तो एका हातात पिस्तुलासारखा धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्याचं छोटं चाक फिरवायचं. माझ्या फ्रिजसाठी साठवलेले पैसे त्यात गेले. मी अबोला धरला.

तरी शर्यतीच्या दिवशी मी डबा घेऊन गेलेच. सरावाला यांनी गाडी सोडली. सगळं नवंकोरं, आणि गाडी तशीच डुलत जाऊन पाइपावर. माझं डोकं फिरलं. दाढीवाल्याला म्हटलं, "दादा, लुबाडलंत आम्हाला. दाखवा बघू चालवून."

त्यानं यांच्याकडून रिमोट घेतला. गाडी दोरी ओढल्यासारखी सरळ गेली. वळली, परत सरळ आली.

दाढीवाला यांच्या उजव्या हाताकडे बघत होता, म्हणून मीही बघितलं. हातात काही नव्हतं, तरी अंगठा आपला हलत होता. हल्ली हे चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. मला वाटायचं, थंडी. यांनी हात खिशात घातला आणि नाव मागे घेतलं.

त्या क्लबात एक पद्धत आहे. ज्यांची शर्यत आटोपली, त्यांनी पुढच्या शर्यतीत कडेला उभं राहून इतरांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. यांची झालीच नव्हती, तरी जाऊन उभे राहिले. एक गाडी उलटली. हे वाकले, दोन्ही हातांनी उचलली, चाकांवर ठेवायला गेले तर ती पुन्हा कलंडली. शेजारचा धावत आला आणि त्यानं ठेवली. माझा जीव तीळतीळ तुटला.

परतताना बसमध्ये म्हणाले, "तुझा फ्रिज फुकट गेला."

"खड्ड्यात गेला फ्रिज," मी म्हटलं. "अहो, अजून काही बदलायचं राहिलं असेल तर बघा ना. कितीही लागू दे, मी काही बोलणार नाही."

"गाडीचं काही राहिलं नाही गं."

मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तरी तो हलतच राहिला.