विंचूकाट्यावरची हाक

गौरी-गणपती उरकले की लोहगड बघायला जायचं, हे हेडमास्तरांनी ठरवलं आणि आमच्या घरी ते नुसतं कळवण्यात आलं. आमचे हे तळेगावला त्यांच्याच शाळेत मास्तर. हेडमास्तरांनी तोंड उघडलं की ह्यांची मान आपोआप हलायची. ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. माझ्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

घरात राज्य ह्यांच्या आत्याबाईंचं. हेडमास्तरीणबाई बरोबर आहेत म्हणून त्यांनी मला सोडलं, पण निघताना दहादा बजावलं, "हुंदड हवी तेवढी, पण त्याचं नाव तोंडातून काढू नकोस." त्यालाही कारण होतं. आदल्या महिन्यात पोस्टमननं विचारलं पत्र कुणाचं, आणि मी पाकिटावरचं ह्यांचं नाव खणखणीत वाचून दाखवलं होतं. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. उखाण्यात नाव घेतलं तर चालतं, उघडं घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं त्यांचं ठाम मत. मला ते खोटंच वाटायचं, पण खरं-खोटं करून बघायचं तर ते काय शेजारणीच्या नवऱ्यावर बघायचं?

सकाळच्या गाडीनं आम्ही चौघं मळवलीला उतरलो. भाजे गावातल्या एका शेतकरी आबांनी आमची फराळाची पाटी डोक्यावर घेतली आणि पुढं चालू लागले. हेडमास्तर प्रत्येक दरवाज्यापाशी थांबून इतिहास सांगत होते. दहा दिवस आरत्या ओरडून त्यांचा घसा पार बसला होता. नुसती हवा निघायची. गड मला फार आवडला, त्यात या गोष्टीचाही वाटा असावा.

वर तळ्याकाठी दशम्या आणि लसणाची चटणी झाली. मग पुरुष निघाले विंचूकाट्याकडे. ही गडाची निमुळती सोंड, दोन्ही अंगांना सरळ कडा. हेडमास्तरीणबाई दुसऱ्या बाजूला सोनकीची फुलं खुडायला गेल्या. आबा आणि मी भांडी आवरत बसलो. निघताना ह्यांनी चष्मा माझ्या हातात दिला. "काचांवर पाणी आलंय, पूस गं जरा." मी पदराला कोरडी जागा शोधतेय तोवर हे हेडमास्तरांच्या मागोमाग चालायलाही लागले. चष्म्याशिवाय ह्यांना म्हैस आणि बैलगाडी यांतला फरक कळत नसे. पण हेडमास्तर पुढं चालत असताना थांबायचं म्हणजे काय!

आणि एकाएकी खालून धुकं चढलं. चार हातांवरचं तळं दिसेना.

मी ओरडले, "अहो!" तिकडून, फुलांच्या बाजूनं, हेडमास्तरीणबाई ओरडल्या, "अहो!" धुक्यातून ह्यांचा आवाज आला, "आलो, आलो!" मला हायसं वाटलं. थोड्या वेळानं धुक्यातून एक आकृती हसतमुखानं माझ्यासमोर उभी राहिली. ते हेडमास्तर होते. मला बघून ते जेवढे ओशाळले तेवढीच मी हबकले. हेडमास्तर जर माझ्या हाकेला आले, तर आमचे हे कुणाच्या हाकेला निघालेत? आणि त्यांच्या आणि बाईंच्या मधे तर गडाची कड होती, हे मला आबांचं तोंड बघूनच कळलं.

"अहो, थांबा!" मी किंचाळले.

"अहो, इकडे या ना!" बाई तिकडून.

धुक्यातून ह्यांचा शांत, सभ्य आवाज आला, "थांबू की येऊ?"

हेडमास्तरांनी हाक मारायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. मग आबांनी कानावर हात ठेवून आरोळी ठोकली, "ओ मास्तर! जागचं हलू नगा! म्होरं कडा हाय!"

मग पुन्हा तोच आवाज, काळजीनं भरलेला, "हेडमास्तर, तुम्हाला सांगतायत हो! हलू नका! मी येतोच आहे!"

काय म्हणावं या माणसाला! जगात कुणीही कुणाला हाक मारली तरी ती थोरामोठ्यांसाठी असणार, आपल्याला कोण बोलावतंय, असा ह्यांचा स्वभाव. मला रडूही येत होतं आणि रागही.

"बाई, नाव काय मालकांचं? मी हाळी देतो," आबा म्हणाले.

मला आत्याबाईंचं बजावणं आठवलं.

"अवो सांगा की!"

"देवाचं आहे," मी म्हटलं.

"तेहतीस कोटी हायती, बाई! ह्या येळंला कुटं मोजू?"

दगड घरंगळल्याचा आवाज आला. ह्यांच्या पायाखालचा. तेव्हा मला काय सुचावं? उखाणा! मी अख्ख्या लोहगडाला ऐकू जाईल अशी ओरडले, "गडाच्या माथ्यावर धुकं पडलं दाट—" आणि माझी मलाच लाज वाटली. नवरा कड्याला आणि मी यमक जुळवतेय! मेलं ते यमक! मी सगळा जीव गोळा करून ह्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव. राव नाही, पंत नाही, मागंपुढं काही नाही. एकदा, दोनदा, तीनदा.

"ओ!" ह्यांचा आवाज आला. शाळेत हजेरीला पोरं देतात तसा, चटकन.

"आहात तिथं खाली बसा!"

"बसलो!"

आबा पाटीचा दोर कमरेला बांधून, दुसरं टोक हेडमास्तरांच्या हाती देऊन गवत चाचपत गेले आणि ह्यांचा हात धरून घेऊन आले. "दोन हात ऱ्हायलं व्हतं बगा," ते म्हणाले. मी ह्यांच्या नाकावर चष्मा चढवला आणि रडायला लागले, आणि रडता रडता भांडायलाही लागले. हे म्हणाले, "आई गेल्यापासून मला असं कुणी बोलावलं नव्हतं गं." मग माझं भांडण तिथंच थांबलं.

तोवर हेडमास्तरीणबाई वाट चाचपत येऊन पोचल्या होत्या. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, ओटीत सोनकीची फुलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता आत्याबाईंपर्यंत बातमी जाणार, या भीतीनं मी मान खाली घातली.

धुकं विरळ झालं तसे आम्ही उतरू लागलो. आबा पुढं, मग पुरुष, मग मी, आणि बाई सगळ्यांच्या मागं. पहिला दरवाजा ओलांडल्यावर त्यांनी माझा पदर हलकेच ओढला.

"कसं वाटलं गं?"

"काय कसं?"

"नाव घेताना."

मी जरा विचार केला. "छान वाटलं," म्हटलं.

पुढचं वळण आलं. हेडमास्तर खाली बरेच लांब गेले होते, त्यांच्या कानावर काही जाणं शक्यच नव्हतं. तेव्हा माझ्या मागून, पायऱ्या उतरता उतरता, अगदी हलक्या आवाजात, हेडमास्तरांचं नुसतं नाव आलं. जरा थांबून पुन्हा एकदा आलं. मी मागं वळून पाहिलं नाही.