पुऱ्या मापाचं काडतूस

भिकूदाजी लोहार बंदूक हातात घेण्याआधी तिच्या मालकाला शिव्या घालत. महाडात त्यांच्या दुकानात गेलेला माणूस पाटील असो की फौजदार, आधी निमूट ऐकून घेई. "नळीत मुंग्यांनी घर केलंय, आन् म्हणं डुक्कर पडत नाय. पडंल कसं?" एवढं बोलून झालं की चष्मा कपाळावर चढवून ते बंदूक अशा मायेने मांडीवर घेत, की मालकानेच ओशाळावं.

मी महाडच्या शाळेत मास्तर. माझा थोरला भाऊ वर डोंगरात, कुडपणला आमच्या घरी राहून शेती करायचा. नाचणीत डुकरं शिरत, म्हणून त्याने परवाना काढून एका निवृत्त साहेबाची दुनळी बंदूक घेतली. तिची तऱ्हाच न्यारी. नळ्या दोन, पण चाप एकच. एकदा ओढला की उजवी नळी उडायची, पुन्हा ओढला की डावी. दादाला तिचा कोण अभिमान. पुढे ती बिघडली आणि दोन्ही बार एकदम उडू लागले. दादाचा खांदा काळानिळा झाला, तेव्हा मी ती गोणपाटात गुंडाळून दाजींकडे नेली.

"मास्तर, ही लाडावलेली पोर हाय," दाजी म्हणाले. "दोन चाप बसवून देतो. दोन नळ्या, दोन चाप, भानगड नाय."

दादा ऐकेना. मग दाजींनी आठ दिवस खपून आतली स्प्रिंग बदलली. सावित्रीच्या काठी नेऊन विकतची काडतुसं उडवून दाखवली. बार एकामागून एक, चोख. बंदूक माझ्या हाती देताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"दादाला येक सांगा. पयल्या बाराचा धक्का जोरात बसला, तरच आतला खटका दुसऱ्या नळीवर जातो. आता स्प्रिंग कडक हाय. घरी भरलेलं अर्ध्या दारूचं काडतूस हिला चालायचं नाय. पुऱ्या मापाचंच घाला. इसरू नका."

आमच्याकडे सगळेच रिकामी काडतुसं घरी भरत, आणि दारू पुरवून पुरवून वापरत. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी विसरलो. शनिवारी घरी पोचलो तर म्हैस व्यालेली, खरवसाची गडबड, दादा बंदूक बघून खूश. सोमवारी फळ्यावर तारीख लिहिताना आठवलं. म्हटलं, पुढल्या शनिवारी सांगू.

गुरुवारी पहाटे जखमी डुक्कर दादावर उलटलं. शेजारच्या शेतातला गडी सांगत होता, पहिल्या बारानंतर दादाने तीनदा चाप ओढला. दुसरा बार झालाच नाही.

दहाव्याला दाजी डोंगर चढून आले. बंदूक पोलिसांनी नेली होती. दादाच्या डब्यात उरलेलं, घरी भरलेलं एक काडतूस त्यांनी तळहातावर तोललं आणि माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करता येईना. तेवढ्यात वहिनीने सगळ्यांदेखत विचारलं, "दाजी, तुमी बंदूक नीट करून दिलेली ना वो?"

"चूक माजी हाय, बाय," दाजी म्हणाले. "स्प्रिंग कडक बसवली मी."

त्यानंतर त्यांच्याकडे बंदुका येईनाशा झाल्या. वर्षभरात दाजी कोयत्यांना धार लावून देऊ लागले. एकदा न राहवून मी दुकानात गेलो आणि म्हटलं, "वहिनीला खरं सांगून टाकतो." ते एका कुलपाला कानस मारत होते. हात थांबला नाही.

"तिचा नवरा गेला, मास्तर. दीर तरी राहू द्या. पोरं तुमच्या तोंडाकडं बघत्यात. माजं काय, मी लोहार. काय बी घडवून खाईन."

आणि मला हायसं वाटलं. भेकड माणूस मी. त्या हायसं वाटण्याची लाज आजही जात नाही.

दाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी कुडपणला जेवायला बसलो होतो. पुतण्याने बातमी आणली. वहिनी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मागे न बघता म्हणाली, "सुटला. माज्या धन्याला खाल्लं त्यानं." मग माझ्या ताटाकडे तिचं लक्ष गेलं. "भाऊजी, थांबलात का? जेवा. तुमी व्हता म्हणून आमी तगलो."

तिने ताटात गरम भाकरी टाकली. मी ती मोडली आणि जेवलो.