चार सायकली आणि एक घोडी

दुकान काढायचं तर काय काय लागतं, असं हल्ली आमच्या गल्लीतली तरणी पोरं मला विचारतात. मी म्हणतो, गाळा लागतो, माल लागतो आणि एक घोडी लागते. पोरं हसतात. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरलं होतं खरं, पण ते आत्ता नव्हे. तेव्हा, महाराजांच्या अमदानीत. आणि ते फिरवलं होतं सरकारी कचेरीतल्या एका कारकुनानं.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. साहेबलोकांच्या चार जुन्या सायकली मी लिलावात घेतल्या होत्या. शाहूपुरीत, स्टेशनच्या वाटेवर, एका गुळाच्या व्यापाऱ्याचा गाळा धरला होता. तासाच्या बोलीनं सायकली भाड्यानं द्यायच्या, असा बेत. मालक मी, नोकर मी आणि पंक्चर काढणाराही मीच. त्यामुळं दुकानात भांडण व्हायची सोय नव्हती.

भांडण घरात झालं. आमचे अब्बा त्याच स्टेशनवर टांगा हाकत. माझा बेत ऐकला आणि म्हणाले, “माझ्याच घोडीच्या तोंडातला चारा काढाय निघालायस व्हय रं?” त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी समोर बसलेला असलो तरी अम्माला म्हणायचे, “त्याला सांग, दार लावून जा म्हणावं.” अम्मा बिचारी माझ्याकडं वळून तेच वाक्य पुन्हा म्हणायची. घरात टपालखातंच उघडलं होतं म्हणा ना. दुकान एकदा उभं राहिलं की त्यांचा राग जाईल, अशी माझी समजूत होती. नाही उभं राहिलं, तर ते एकतर जन्मभर ऐकवणार होते, नाहीतर जन्मभर बोलणार नव्हते. यातलं जास्त वाईट कुठलं, ते मला ठरवता येत नव्हतं.

भाड्यानं वाहन द्यायचं तर कचेरीतल्या वहीत नाव चढवून परवाना घ्यावा लागे. नाहीतर शिपाई वाहन धरून नेत. मी गेलो. कारकून मोठे सज्जन गृहस्थ. पगडी काढून टेबलावर ठेवलेली, समोर रकानेच रकाने आखलेली वही.

“जनावर कोणतं?” त्यांनी टाक दौतीत बुडवून विचारलं.

“जनावर न्हाई रावसाहेब. सायकल हाय.”

“ती ओढतं कोण?”

“बसतोय त्योच.”

टाक दौतीतच राहिला. “म्हणजे माणूस स्वतःच स्वतःला ओढणार आणि वर तुला भाडं देणार?”

“व्हय.”

“लोकांना वेड लागलंय,” ते म्हणाले. या एका मुद्द्यावर त्यांचं आणि अब्बांचं पूर्ण एकमत होतं.

पण माणूस सज्जन, म्हणून त्यांनी वाट दाखवली. माणूस ओढत असेल तर हे वाहन पालखीत जमा, आणि पालख्यांची वही पलीकडच्या टेबलावर. पलीकडच्या टेबलावरचे म्हातारे कारकून मला बघून इतके खूश झाले की बसायला सांगितलं. त्यांच्याकडं कित्येक वर्षांत कुणी फिरकलंच नसावं. “भोई किती?” त्यांनी उत्साहानं विचारलं. भोई एकही नाही आणि सायकल उचलायची नसते, चालवायची असते, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला मोठ्या दुःखानं पुन्हा अलीकडच्या टेबलावर पाठवलं.

तिसऱ्या खेपेला मी सायकलच घेऊन गेलो. कचेरीच्या आवारात चार फेऱ्या मारून दाखवल्या. झाडून सगळी कचेरी कामं टाकून बाहेर आली. अर्थात कामं टाकायला त्यांना सायकलच लागत होती असं नाही. आमचे कारकून सायकलीभोवती एक चक्कर मारून आले, सीटवर थाप मारली आणि विचारलं, “हिचं चारापाणी?”

“तेल घालतो.”

त्यांनी ‘चारापाणी’च्या रकान्यात सुरेख मोडीत ‘तेल’ असं लिहिलं. रंगाच्या रकान्यात ‘काळा’. अंगावरच्या खुणांत ‘डावा पाय वाकडा’, कारण त्या बाजूचं पायडल वाकलेलं होतं. वही भराभर भरत चालली आणि माझा ऊर भरून आला. मग ते ‘जनावर’ या रकान्यापाशी आले आणि टाक पुन्हा थांबला.

“न्हाई असं लिवा की, रावसाहेब.”

“नाही नावाचं जनावर मी पाहिलेलं नाही.”

अशा सहा-सात खेपा झाल्या. मला ते गृहस्थ आडमुठे वाटू लागले होते, पण एक दिवस शिपाई चहा आणायला गेलेला असताना ते हळूच म्हणाले, “माझ्या आधी इथे जो होता, त्यानं एक रकाना रिकामा सोडला. एकच. तो आता भुदरगडच्या जंगलात झाडं मोजतो आहे. मला तीन मुली आहेत रे.” त्यानंतर मला त्यांचा राग येईना, आणि राग आल्याशिवाय कचेरीत जायला माझे पाय उचलेनात.

शेवटी तोडही त्यांनीच काढली. एक घोडं आण, कसलंही. ते दुकानाच्या नावावर चढवू. वाहनं चार, जनावर एक, कायद्यात बसतं. फक्त ते दुसऱ्या कुठल्या नोंदीत नको, कारण एक जनावर दोन वह्यांत चालत नाही.

किती सोपं! गावातली टांग्याची घोडी टांग्यांच्या नोंदीत आणि उरलेली सगळी महाराजांच्या पागेत. महाराज म्हणे कुणालाही भेटायचे. जाऊन एखादा घोडा मागावा, असंही एकदा माझ्या मनात आलं. मग वाटलं, खरंच दिला तर? त्याला काय तेल घालू?

इकडं त्या वर्षाची नोंद महिनाअखेर बंद होणार होती. गाळ्याचा मालक स्वच्छ म्हणाला, “पावणं, एक तारखेला परवाना दाव, न्हाईतर मी हितं गुळाच्या ढेपा रचतो. ढेपंला परवाना लागत न्हाई.” मालकाचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

शेवटचे दोन दिवस उरले, तेव्हा सकाळी न्याहारीला बसून मी ही सगळी कथा अम्माला सांगितली. म्हणजे अब्बांना ऐकू जाईल अशा बेतानं. तेल, वाकडा पाय, भोई, एक जनावर एक वही, सगळं नकलेसकट. अम्मा पदर तोंडाला लावून हसली. मला अब्बांकडं काही मागायचं नव्हतं, शपथेवर सांगतो. मला त्यांना हसवायचं होतं. ते हसले नाहीत. भाकरी संपवली, हात धुतला आणि टांगा जोडायला गेले.

अखेरच्या दिवशी मी कचेरीत गेलो तो माझे कागद परत आणायला. आवारातल्या चिंचेखाली एक घोडी उभी होती. अंगावर खरारा फिरवून चकचकीत केलेली, आयाळ विंचरलेली. मी तिच्या जवळून पुढं गेलो आणि मग थबकलो. घराबाहेर टांग्याशिवाय तिला मी कधी पाहिलीच नव्हती, म्हणून ओळखली नाही. आमचीच होती.

आत कारकुनांनी वही माझ्याकडं फिरवली. ‘जनावर : घोडी, एक.’ रकाना भरला होता. त्यांचा चेहरा मात्र मुलीचं लग्न ठरल्यासारखा दिसायला हवा होता, तसा नव्हता. त्यांनी शेजारची टांग्यांची वही उघडी ठेवली होती. तिच्यात अब्बांचं नाव होतं आणि नावावरून लाल शाईची एक तिरकी रेघ गेली होती. रेघेची शाई अजून ओली होती. बाजूला टांग्याचा पितळी बिल्ला पडला होता.

“कचेरी उघडायच्या आधीपासून उभे होते,” कारकून म्हणाले. “मी म्हटलं, पुन्हा विचार करा, या वयात नवी नोंद मिळणार नाही. म्हणाले, रेघ मारा.”

परवान्यावर शिक्का बसला. तो कागद हातात घेताना मला जी लाज वाटली, ती पुढं कधी कशाची वाटली नाही. मी बाहेर आलो. अब्बा घोडीच्या मानेवरून हात फिरवत होते.

“अब्बा, ह्ये काय केलासा?”

“म्हातारी झालीया ती,” ते म्हणाले. कित्येक दिवसांनी ते सरळ माझ्याकडं बघून बोलत होते. “आनी किती दिस वढली असती? वहीत हुबं ऱ्हायला काय ताकद लागतीया?”

“आनी तुमी?”

ते घोडीचा लगाम धरून चालू लागले. मी मागं. खिशातला परवाना फाडून टाकावा असं मला वाटलं. फाडला नाही. मला दुकान हवं होतं, हेही तितकंच खरं आहे आणि ते लपवून मी आता या वयात मोठा होणार नाही.

स्टेशनपाशी आलो तेव्हा गाडी नुकतीच लागली होती. डोक्यावर बोचकं घेतलेल्या एका माणसानं घोडी पाहिली, अब्बांचा खाकी कोट पाहिला आणि लांबूनच हाक मारली, “ओ टांगेवालं, कागलला येतासा काय?”

अब्बांची पावलं आपोआप थांबली. आता ते काय बोलतात, इकडं माझं सारं लक्ष लागलं होतं.

“टांगा बंद केलाय, पावणं,” ते म्हणाले. मग माझ्याकडं बोट दाखवलं. “सायकल मिळंल. ह्ये दुकानाचं मालक हायत, ह्यास्नी इचारा.”

आणि घोडीला घेऊन ते घराच्या वाटेला लागले.