साडूच्या गाडीखालचं पाणी

मंडळी, आज अकोल्यात माह्याच दारात माहा जीव जळला.

अमरावतीहून साडू जेवाले आला. त्याची अन माही गाडी एकाच कंपनीची, रंगही एकच. पण एसीचं पाणी त्याच्या गाडीखाली मस्त टपकते. माह्या गाडीचं पाणी आतच, थेट बायकोच्या पायावर!

त्यात आमच्या गल्लीतला काळू, रोज माही पोळी खाणारा कुत्रा, त्याच्या गाडीखालच्या गारव्यात जाऊन पसरला. मंग माहं डोस्कंच फिरलं.

पाणी बाहेर काढणारी नळी असते कुठं, हे मले माईत नव्हतं. साडूले विचारू? मेलो तरी नाई!

तो हातपाय धुवाले आत गेला, तसा मी त्याच्या गाडीखाली घुसलो. समोरच्या डाव्या चाकाच्या मांगं, इंजिनच्या मागच्या पत्र्यातून एक रबरी नळी टपटप करत होती.

तेवढ्यात वरून साडूचा आवाज, "काहून जी, माह्या गाडीखाली काय करून राहिले?"

"कुत्रं हाकलून राहिलो!"

साडू परत आत गेल्यावर माह्या गाडीखाली पाहिलं. तशीच नळी, धुळीनं बुजलेली. तार घातली अन सारं पाणी तोंडावर!

मी खुशीत बायकोले हाक मारली. ती पाहून म्हणते, "वा! आता कशी अगदी भाऊजींच्या गाडीसारखी झाली!"

नळी तर मोकळी झाली, मंडळी. हे पोटातलं जळणं कोणत्या तारेनं निघते, सांगा बरं?