फुटपट्टीचं टोक

नात टेबलाशी बसून इंग्रजी शब्द पाठ करत होती. ग्रॅब म्हणजे झडप घालून धरणं, ग्रिप म्हणजे घट्ट धरणं, क्लच म्हणजे भीतीनं उराशी धरणं. सून प्रत्येक शब्द हातवारे करून दाखवत होती आणि दोघी खूश होत्या.

शेजारी कॉटवर आमचे हे पडलेले. अर्धं अंग गेल्यापासून यांच्या तोंडातून लाळ गळते, आणि ती पुसून पुसून चांगला हात कायम ओला असतो. उठून बसायचं होतं, म्हणून तोच हात यांनी नातीपुढे केला.

"ई, आबा! चिकट!"

"अगं, आधार दे त्यांना," मी म्हटलं, तर तिनं फुटपट्टीचं टोक पुढे केलं.

सून हसली. "हुशार आहे हो कार्टी!"

मला शिसारी आली, पण लाळेची नाही. लाळ घाणच असते, मी ती रोज पुसते, आणि हात साबणानं धुते. गाय व्याली तेव्हा वासरू असंच बुळबुळीत हाती आलं होतं. सासूबाईंना शेवटची आंघोळ घातली तीही याच हातांनी. दोन बोटांच्या चिमटीनं मेलेला उंदीर उचलावा, माणूस नाही.

यांनी मात्र मुकाट्यानं फुटपट्टी धरली. नातीनं ओढली तशी ती ओल्या मुठीतून सटकली आणि हे मागे उशीवर आपटले.

"सॉरी आबा," म्हणत पोरीनं फुटपट्टी यांच्याच चादरीला पुसली आणि आईला पुढचा शब्द विचारला.