दोन शिट्ट्यांचं पाणी

रामाजीचं तोंड वाकडं झालं, की तळेगावातली माणसं हातातला गिलास मुकाट्यानं खाली ठेवत. अठ्ठावीस वर्षं त्यानं ग्रामपंचायतीच्या नळाचा व्हॉल्व्ह फिरवला होता. एकदा टाकीत उतरून फुगलेला कावळा काढला, तेव्हापासून वास घेतल्याशिवाय पाण्याचा घोट त्याच्या घशाखाली गेला नाही. पवनारला साडूच्या मुलीच्या लग्नात त्यानं वरणाचा एक घास घेतला आणि पंगतीतूनच ओरडला, "हे हापशीचं पाणी हाये ना?"

आचारी उखडला. "जेवाले आले का पंचनामा कराले?"

पण पाणी हापशीचंच निघालं. रामाजी त्या दिवशी नुसत्या बुंदीवर उठला आणि पुढं दहा वर्षं ही गोष्ट भेटेल त्याला सांगत राहिला.

त्याची कसोटी एकच, तुरीची डाळ. दोन शिट्ट्यांत डाळ फुटून लोण्यासारखी झाली की पाणी चोख. गावात असं पाणी एकाच ठिकाणी, अनुसयाबाईच्या विहिरीत. लग्नकार्याच्या स्वयंपाकाला तिथूनच ड्रम भरून न्यायचे, हा कायदा रामाजीनंच घालून दिलेला.

अशा माणसाच्या घरात त्याची सून रोशनी माशा खाणारं झाड घेऊन आली. रोशनी शाळेत विज्ञान शिकवायची. झाडाचं नाव घटपर्णी. पानांच्या टोकाला सुरया लोंबायच्या, सुरईत चिकट पाणी आणि त्या पाण्यात माशा विरघळायच्या. रामाजीनं एकदाच आत डोकावून पाहिलं. अर्धी झालेली माशी आणि झुरळाचा पाय. त्या दिवशी त्याला चहासुद्धा गेला नाही.

"शी! हे झाड हाये का गटार? जेवते तिथंच सडवते!"

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रोशनीच्या बहिणीचं बाळंतपण निघालं. तीन आठवडे सिंदी मेघेला माहेरी राहायचं होतं. निघताना तिनं निळी कॅन दाखवली. "बाबा, हे पावसाचं पाणी धरून ठेवलं हाये. याले फक्त हेच देजा. अठ्ठावीस तारखेले, विज्ञान दिनाले, मले हे झाड शाळेतल्या पोरायले दाखवायचं हाये. तुमच्यावरच सोडून चालली, पाण्यातलं तुमच्याएवढं कोणाले समजते?"

शेवटचं वाक्य रामाजीच्या छातीत असं बसलं, की एसटी वळणावरून दिसेनाशी झाली तरी तो फाट्यावर उभाच होता.

चौथ्या दिवशी त्याच्या बायकोनं, कमलाबाईनं, कॅनचं झाकण उघडलं. आत हिरवट पाणी, त्यात अळ्या वळवळत होत्या. तिनं नाकाला पदर लावला आणि सगळी कॅन नालीत उलटी केली.

"पोरीले फोन करा," ती म्हणाली.

"काऊन? मले पाणी समजत नाई का?"

नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास, ते बाद. हापशीच्या पाण्यावर गंजाचा तवंग, तेही बाद. उरली अनुसयाबाईची विहीर. रामाजीनं स्वतः बादली काढली, वास घेतला, डाळीची खात्री करून घेतली आणि नाक दाबून रोज सकाळी झाडाला तांब्याभर पाणी घालू लागला. त्या झाडानं याहून चोख पाणी जन्मात पाहिलं नसेल, असं वर अनुसयाबाईला ऐकवून आला.

दहाव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. पाचातल्या तीन सुरया तपकिरी होऊन चिंध्यांसारख्या लोंबल्या. कुंडीतल्या शेवाळावर पांढरा थर चढला. रामाजीनं थर नखानं खरवडला, जिभेला लावला आणि थू थू करत मोरीकडे धावला.

"खारट हाये वं!"

घरातलं विहिरीचं पाणी संपलं म्हणून कमलाबाई हापशीच्या पाण्यात हरभरे शिजवायला टाकत होती. तिनं डबीतून खायच्या सोड्याची चिमूट घेतली आणि हात तसाच थांबला.

"अजी, हापशीच्या पाण्यात सोडा टाकला का त्यातई शिजते दोन शिट्ट्यात. मंग अनुसयाबाईच्या विहिरीत जमिनीनंच सोडा टाकला असंन तर?"

रामाजी चुलीपुढं बसला. मग काळा तवा मागून घेतला. एका कडेला नळाच्या पाण्याचे थेंब, दुसऱ्या कडेला हापशीचे, तिसऱ्या कडेला विहिरीचे. तवा मंद आचेवर ठेवला. पाणी उडालं. नळाचं पांढुरकं कडं राहिलं, हापशीचं लालसर. विहिरीचं कडं सगळ्यांत जाड, चुन्यानं काढल्यासारखं. अठ्ठावीस वर्षं पंगतींना वाखाणलेलं पाणी ते हेच.

तेवढ्यात कमलाबाईनं शेजारच्या पातेल्याचं झाकण उचललं. झाकणाचा थेंब तव्याच्या मधोमध पडला, चर्र झाला आणि त्याच्या जागी काहीच उरलं नाही. तिथं तवा काळाच राहिला.

"अजून एक पाड!" रामाजी म्हणाला.

पुढचे दिवस तो चुलीपुढून हलला नाही. पातेल्यात नुसतं पाणी उकळायचं, वर झाकण तिरपं ठेवायचं, झाकणावरून ओघळलेला थेंब वाटीत धरायचा. तांब्याभर जमायला दुपार व्हायची. ते गार करून कुंडीत ओतायचं, खालून खार गळून जाईपर्यंत. कमलाबाई म्हणायची, "लेकराले दूध पाजून राह्यले जसे." त्यावर तो म्हणायचा, "असं घाण लेकरू कोणाले न होवो!"

रोशनी परतली आणि झाडापुढं उभी राहिली. रामाजीनं तिच्या पुढ्यात तवा ठेवला.

"कॅन वाया गेली, अन् मी शहाणपणा केला. विहिरीचं पाणी घातलं. मले पाणी समजत नाई, पोरी."

रोशनीनं तव्यावरची कडी पाहिली, तो रिकामा मध्य पाहिला. मग एका नव्या पानाचं टोक उचलून धरलं. तिथं ज्वारीच्या दाण्याएवढी सुरई फुगत होती.

"बाबा, तवा धुवू नका. तो अन् झाड, दोन्ही शाळेत नेतो," ती म्हणाली. "अन् पुढच्या महिन्यात बहिणीच्या बाळाचं बारसं हाये, तेव्हाई याले पाणी तुमीच घालजा."

त्याच वेळी एक माशी जुन्या सुरईच्या काठावर बसली, घसरली आणि आत गेली. रामाजीचं तोंड पार कानापर्यंत वाकडं झालं.

"शी शी शी," तो म्हणाला, आणि झाकणाखालची वाटी भरली का ते पाहायला आत गेला.