मोरपंखी बाक

आमच्या शाळेतला नळ जवळजवळ दोन वर्षांनी सोडला, तेव्हा त्यातून आधी एक लांब सुस्कारा आला, मग एक बेडूक आला आणि मग पाणी. बेडकाबद्दल मावशींचं आणि माझं आजही एकमत नाही. मावशी म्हणजे आमच्या शाळेच्या मदतनीस. वर्ग झाडण्यापासून रडक्या पोराचं नाक पुसण्यापर्यंत सगळा कारभार त्यांच्याकडं. त्या म्हणतात, "सर, तो पाल्याचा बोळा होता." मी म्हणतो, पाल्याच्या बोळ्यानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले नसते.

लॉकडाऊन संपून प्राथमिकचे वर्ग येत्या सोमवारी भरणार असं ठरलं आणि आमची तारांबळ उडाली. पडेगावच्या अलीकडं, दौलताबाद रस्त्याला लागून आमची मिशनची शाळा. मी तिथं दुसरीचा वर्गशिक्षक. मुख्याध्यापिका सिस्टर मूळच्या केरळच्या, पण तीस वर्षांत त्यांचं मराठी इतकं खणखणीत झालंय की माझ्याच अर्जातल्या चुका त्या लाल पेनानं काढतात. आणि शाळेचा वरचा कारभार बघायला शेजारच्या चर्चचे फादर. स्वभावानं एकदम गरीब, पण स्कूटर अशी चालवतात की मागं बसणारा कुठल्याही धर्माचा असो, देवाचं नाव घेतोच.

मैदानात गवत इतकं माजलं होतं की गोलपोस्ट शोधायला दोन शिक्षक आत गेले आणि एकच परत आला. दुसरा पलीकडच्या फाटकातून घरी गेला होता, हे नंतर कळलं. मी गावाकडून, म्हणजे सोयगावहून, कपाशीवर फवारायचा पंप मोटारसायकलवर बांधून आणला. सात पाण्यांनी धुतला आणि त्यात जंतुनाशक भरलं. नवीन वर्ष सुरू होताना फादर प्रत्येक वर्गात पवित्र पाणी शिंपडतात, तशी आमच्याकडं रीतच आहे. तर पुढं फादर पवित्र पाणी शिंपडतायत आणि मागं मी पाठीला पंप लावून फवारतोय, अशी आमची मिरवणूक सगळ्या वर्गांतून फिरली. दोघांच्या तावडीतून सुटेल असा विषाणू अजून जन्माला यायचाय.

सगळे असे हुरूपात होते आणि मला मात्र सोमवार उजाडूच नये असं वाटत होतं. त्याला कारण माझी जीभ.

झालं होतं असं की माझ्या वर्गातल्या पोरांनी शाळा पाहिलीच नव्हती. पहिलीत नाव घातलं आणि कुलूप लागलं. फोनवर पहिली झाली, फोनवरच दुसरी लागली. संध्याकाळी वडील कामावरून आले की पोराच्या हातात फोन यायचा, म्हणून आमचा वर्ग सात वाजता. मी इकडून बाराखडी म्हणायचो आणि तिकडून कुकरच्या शिट्ट्या, शेळीचं बें-बें आणि कुणाच्या तरी वडलांचा खोकला. हळूहळू पोरं गळायला लागली. अठ्ठावीसची वीस झाली, विसाची अकरा. एके दिवशी सहाच उरली आणि त्यातलं एक झोपलेलं होतं. घोरण्यावरून ओळखलं.

त्या दिवशी मी पहिली थाप मारली. म्हटलं, "पोरांनो, आपल्या शाळेतल्या लिंबावर पोपट राहतात, ते दोनचा पाढा म्हणतात." दुसऱ्या दिवशी चौदा पोरं. मग म्हटलं, "आपल्या शाळेची घंटा दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत ऐकू येते." वीस पोरं. मग मी तोल सोडला. म्हटलं, "शाळेत तुमच्यातल्या प्रत्येकाचा एकेक बाक आहे. त्याच्यावर तुमचं नाव लिहिलंय. तुम्ही हजेरी दिलीत की तो तिकडं आनंदानं हलतो." त्यानंतर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस, वर घरातल्या आज्या फुकट.

यात एक पोरगी होती. घर मेंढपाळाचं. लॉकडाऊनमध्ये सगळं बिऱ्हाड मेंढरांमागं रानात, आणि रेंज यायची ती एका टेकाडावर. ही रोज टेकाडावर चढून हजेरी द्यायची आणि रोज तोच प्रश्न विचारायची, "सर, आज हलला का?" मी म्हणायचो, "हलला." एकदा तिनं विचारलं, "कोणत्या रंगाचा हाय?" माझ्या तोंडून निघालं, "मोरपंखी."

खरी गोष्ट अशी, की वर्गात बाक होते दहा. एकेका बाकावर तीन-तीन पोरं कोंबून आम्ही शिकवत आलो होतो. रंग म्हणाल तर शाईचा.

शनिवारी दुपारी मी आणि सिस्टर व्हरांड्यात उभे असताना फाटकातून एक उंच माणूस आत आला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्याच्या खोकल्यावरूनच मी ओळखलं. दोन वर्षं ऐकला होता.

"राम राम सर. माही पोरगी तुमच्या वर्गात हाय." मग सिस्टरांकडं वळून, "तुम्ही मोठ्या बाई का?"

"हो. या, बसा."

"बसत नाय. बाक बघायला आलो."

"कुठला बाक?" सिस्टर म्हणाल्या.

"पोरीचा. मोरपंखी. नाव लिवलेला."

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी छपराकडं पाहिलं. छपरात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"बाई, खरं सांगतो," तो म्हणाला. "सोमवारी आम्ही मेंढरं घेऊन निघतोय. पोरीला संगं न्यायची का हितं माह्या बहिणीकडं ठेवायची, ते ठरंना. घरात समदे म्हणतात, दोन वर्सं शाळा नव्हती तर काय अडलं? पर पोरगी हटून बसली. म्हणती, माहा बाक वाट बघायलाय. म्हून म्हटलं, आधी आपल्या डोळ्यानं बघावं. बाक असंल तर पोरगी ऱ्हाईल. आन् सर निस्त्या थापा मारत असतील, तर मंग त्या पुस्तकात तरी काय खरं असंल?"

असा घाव मला आजवर कुणी घातला नाही. त्याला राग नव्हता, ते आणखी वाईट. साधा हिशेबी प्रश्न होता.

सिस्टर मग म्हणाल्या, "सोमवारी निघण्याआधी तिला घेऊन या. बाक जागेवर असेल."

"मोरपंखी?"

"मोरपंखी."

"आन् हलतो म्हणं?"

"ते सर सांगतील," सिस्टर म्हणाल्या.

"हलतो," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता; बेडकाचा असावा.

तो गेला. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "सर, किती मुलांना सांगितलंत?"

"सगळ्यांना."

"आणखी काय काय?"

मी पोपट सांगितले, घंटा सांगितली. मावशी झाडू हातात धरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या थापांना आता पाय फुटले बघा. चालत फाटकातून आत यायल्यात."

मी म्हटलं, "सिस्टर, चुकलं. तुमच्यात निदान फादरांपुढं कबूल करून मोकळं होता येतं, आमच्यात तशी सोय नाही."

"मोकळं कुणालाच होता येत नाही," सिस्टर म्हणाल्या. "कबूल केल्यावर भरपाई असते. ब्रश घ्या."

आणि मग ऑफिसात जाऊन त्यांनी टेबलावरचा नियमांचा कागद उचलला. तो कागद आम्हाला आठवडाभर छळत होता. त्यात लिहिलं होतं, एका बाकावर एकच मूल. "हा नियम आपण पाळणारच होतो," त्या म्हणाल्या. "नाव लिहायचं तेवढं राहिलं होतं."

मी चोवीस वर्षं या शाळेत आहे, पण सरकारी कागद वाचून गहिवरलो तो तेवढाच.

संध्याकाळी फादर आणि मी स्कूटरवरून शहरात, औरंगपुऱ्यात गेलो. रंगाच्या दुकानदारानं हात वर केले. "सर, मोरपंखी-बिरपंखी कुछ नहीं. आसमानी है, हरा है. दोनों मिलाव, अल्ला का नाम लेव."

फादर म्हणाले, "घेऊ. सगळ्यांचंच घेऊ."

येताना रंगाचे चार डबे माझ्या मांडीवर आणि फादरांचा पांढरा झगा वाऱ्यानं माझ्या तोंडावर. पडेगावपर्यंत मला रस्ता दिसला नाही, ते बरंच झालं.

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली आणि चर्चमधली माणसं घरी जायच्या ऐवजी शाळेत आली. फादरांनी काय सांगितलं होतं कोण जाणे. सुतारकाम करणारे एक काका पटाशी घेऊन आले, दोघी-तिघी बायका डब्यांसकट आल्या. चर्चच्या सभागृहातून बारा बाक उचलून आणले. जिन्याखालची अडगळीची खोली उघडली. तिचं दार मी गेल्या दहा-बारा वर्षांत उघडलेलं पाहिलं नव्हतं. आत पाच मोडके बाक, एक फुटका पृथ्वीचा गोल आणि मावशींचं बारा वर्षांपूर्वी हरवलेलं सूप. मावशी सुपावरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं बाई, तू हितं व्हय!"

निळ्यात हिरवा मिसळला तर पहिल्या हाताला तो रंग डबक्यासारखा आला. मी रडायच्या बेतात. सिस्टरांनी बाह्या वर केल्या, निळा वाढवला, चिमूटभर पांढरा टाकला, पुन्हा ढवळलं आणि काय सांगू, मोर लाजला असता. दुपारपर्यंत काकांनी मोडके बाक जोडले आणि एकूण एक बाक रंगले. मग नावं. पांढऱ्या रंगानं, बारीक ब्रशानं, अठ्ठावीस नावं मी एकट्यानं लिहायला घेतली. फोनवर ऐकलेली नावं अशी एकेका बाकावर उतरली. मान इतकी आखडली की दोन दिवस मी फक्त डावीकडच्या लोकांशी बोललो.

सत्तावीस झाले. एक बाक कमी पडला.

सुतारकाकांनी अडगळीच्या खोलीत पुन्हा डोकं घातलं आणि कोपऱ्यातून एक लहानसा बाक ओढून आणला. लाकूड चांगलं, पण एक पाय वाळवीनं खाल्लेला, बोटभर आखूड. "सकाळी पाचर मारतो," काका म्हणाले. तो रंगवला आणि त्या पोरीचं नाव तेवढं उरलं होतं, ते त्याच्यावर गेलं.

सोमवारी सकाळी मी फाटकाशी उभा. एकेक पोर येत होतं. तोंडाला मास्क, अंगात आखूड झालेले नाहीतर नवेकोरे गणवेश. मी कुणालाच ओळखत नव्हतो आणि एकानं "गुड मॉर्निंग सर" म्हटलं की लगेच ओळखत होतो. आवाजावरून पोरं ओळखणारा असा मास्तर अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. वर्गाच्या दारात येऊन पोरं थबकायची. आत मोरपंखी समुद्र. मग पळत जाऊन आपापलं नाव शोधायची आणि त्याच्यावर बोट फिरवत बसायची. माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं एक बटण तुटून फळ्यावर आदळलं. मावशी साक्षीला आहेत, त्यांना विचारू नका.

एकानं सिस्टरांना गाठलं. "सिस्टर, पोपट कुठंयत?"

मी डोळे मिटले. सिस्टर खाली वाकल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "ज्यांना दोनचा पाढा पाठ आहे, त्यांनाच ते ऐकू येतात." पोरगं तोंडातल्या तोंडात पाढा पुटपुटत पळालं. मी सिस्टरांकडं पाहिलं तर त्या म्हणाल्या, "काय? ऐकू येत नाहीत, असं कुणी सिद्ध केलंय का?"

तेवढ्यात सुतारकाका पाचर आणि हातोडी घेऊन आले. शेवटच्या बाकाखाली पाचर सरकवली, ठोकायचं बाकी होतं. आणि दारात तो मेंढपाळ, त्याच्या हाताला धरून ती पोरगी. सिस्टर शांतपणे त्या बाकाजवळून गेल्या. जाता जाता त्यांनी चपलेच्या टोकानं पाचर अशी काही अलगद बाहेर ढकलली, की मी शेजारी नसतो तर मलाही दिसली नसती.

पोरगी आत आली. पाटी वाचावी तसं एकेक नाव वाचत शेवटच्या बाकाशी पोचली. अक्षरं जुळवून आपलं नाव वाचलं. मग जपून टेकली.

बाक हलला.

ती उठली. पुन्हा बसली. पुन्हा हलला. "आबा!" ती ओरडली. "आबा, हलला! बघितला का?"

आबा जवळ येऊन उकिडवा बसला. मेंढरांचे पाय बघण्यात जन्म गेलेला माणूस तो. त्यानं एका बोटानं तो पाय चाचपला, खालची फट मोजली, मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मास्कवर दोन डोळे फक्त. माझा जीव बेडकाएवढा झाला.

"सर," तो माझ्यापुरतं बोलला, "मेंढरू असतं तर बाजारात कुणी घेतलं नसतं." मग उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "हलला गं. म्या बघितला." आणि दाराकडं जाताना सुतारकाकांच्या हातातल्या हातोडीकडं बघून, "काका, याला पाचर मारू नका."

पोरगी राहिली. रस्त्यावरून मेंढरं निघाली तेव्हा ती खिडकीतूनसुद्धा बघेना. बाक हलवत बसली होती.

दुपारी शाळा सुटायची घंटा झाली. थोड्या वेळानं माझा फोन वाजला. तोच खोकला.

"सर, पोरीला सांगा, घंटा ऐकू आली."

"कुठं आहात तुम्ही?"

"किल्ल्याखाली. दौलताबादला. एकदम साफ ऐकू आली बघा. मेंढरांनीबी माना वर केल्या."

ती घंटा मी चोवीस वर्षं ऐकतोय. वारा कितीही चांगला असला तरी ती पुढच्या वळणापलीकडं जात नाही. पण थाप कशी मारावी, हे मला कळतं, आणि त्यातली मेंढरं मला फार आवडली. फाटकाशी आत्याची वाट बघत उभ्या असलेल्या पोरीला मी जसंच्या तसं सांगितलं.

ती म्हणाली, "मला म्हाईतच होतं."